जर्मलची बोट, पितळेची पाटी

बोट कशानं बुडती, असं कुणालाबी इचारा. कोण म्हणंल वाऱ्यानं, कोण म्हणंल वजनानं. मी फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला बावीस वर्सं काढली, नद्यांवर पूल टाकले, बोटी हाकल्या. मी सांगतो, बोट भोकानं बुडती. आन् भोक काय आपसूक पडत न्हाई. त्याला माणूस लागतो, ड्रिल मशीन लागती आन् बहुतेक येळा एखादा कार्यक्रम लागतो.

माझं नाव नाथाजी जगदाळे. गाव शेरीवाडी, सांगलीपासनं तासाभराच्या आत, कृष्णेच्या वळणात. तीन बाजूला नदी आन् चौथ्या बाजूला ओढा. एरवी लय झ्याक गाव. ऊस हाय, हळद हाय, दोन घराआड एक फौजी हाय. पर नदी फुगली की ओढ्यावरचा रस्ता पैल्यांदा पाण्याखाली जातो आन् गावाचं बेट हुतं.

बाकीच्यांना बेटाचं काय न्हाई. चार दिवस पत्ते कुटत्यात आन् पाणी उतरलं की पंचनाम्याची वाट बगत्यात. माझ्या घरात तसं न्हाई. माझी बायको राहीबाई, तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवारी आन् शुक्रवारी तिला सांगलीला नेऊन डायलिसिसच्या मशीनला लावावं लागतं. एक फेरी चुकली की अंगाला सूज, दुसरी चुकली की दम. गेल्या पुरात रस्ता सहा दिवस बंद हुता. पाचव्या दिशी ती भिंतीला टेकून बसल्याली, कारण आडवं पडलं की श्वास कोंडायचा. सहाव्या दिशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून छातीएवढ्या पाण्यातनं नेली. डॉक्टर म्हणले, आणिक अर्धा दिवस गेला असता तर आमच्या हातात काय राहिलं नसतं. हे मी कुणाला सांगत न्हाई, पर तवापासनं मला ढगाची भीती वाटती. बावीस वर्सात कवा वाटली न्हाई ती आता वाटती.

म्हणून मी पंचायतीकडं बोट मागत राहिलो आन् दिवाळीनंतर गावाला पुरासाठी ती मंजूर झाली, तवा मी कुणाला न सांगता ग्रामदैवताला नारळ फोडून आलो.

बोट आली अ‍ॅल्युमिनियमची. सपाट बुडाची, पुढनं नाक वर उचलल्याली, दहा माणसांची. इंजिन वेगळं. आन् सोबत एक पोतं. पोत्यात दोरी बांधायच्या खुंट्या, धरायचे दांडे, कड्या, बोल्ट. हे सगळं आमी बसवून घ्यायचं. कसं बसवायचं त्याचं एक पुस्तक बी हुतं. ते पुस्तक ग्रामपंचायतीनं कपाटात कुलूप लावून ठिवलं, कारण ते रजिस्टरला चढलं हुतं आन् हरवलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

आता ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगतो. बोटीवर कायबी बसवायचं म्हंजे पत्र्याला भोक पाडायचं, बोल्ट घालायचा आन् भोकाच्या कडेनं पाणी येऊ न्हाई म्हणून मधी सीलंट भरायचा. सीलंट म्हंजे नळीतनं दाबून काढायचा चिकट लगदा, वाळला की रबर हुतो. सगळी बोट त्या लगद्याच्या जिवावर. तवा तो कुठला घ्यायचा, हा सवाल. फौजेत असल्या सवालाचं उत्तर द्यायला एक सुभेदार असतो. आमच्या गावात ग्रामसभा हाय.

सभेला खुर्चीवर सरपंच संयोगितावहिनी. बोलायला त्यांचे मालक उदयसिंह. वहिनी केमिस्ट्री घिऊन बी.एस्सी. झाल्यात, ते सासरी आल्यापासनं कुणी काढलं न्हाई. उदयसिंह बारावीपतोर गेला हुता आन् कुठलाबी विषय त्याला वर्ज्य न्हाई.

एक म्हातारा उठला. म्हणला, "गूळ-चुना भरा. अजिंक्यतारा कशावर उभा हाय?"

मी म्हणलं, "आबा, किल्ला तरंगवायचा न्हाई."

दुसरा म्हणला डांबर, तिसरा म्हणला खिडकीच्या काचेला लावायची लांबी. ग्रामसेवक आकाराम हा वडूजकडचा, दुष्काळी भागातला. पाणी म्हणलं की त्याला टँकर आठवतो. तो म्हणला, "सीलंट कुठलाबी घ्या, मला त्याचं काय न्हाई. मला तीन दरपत्रकं पायजेत."

तवा उदयसिंहाचा मेव्हणा भाऊसो उठला. त्याचं सांगलीला हार्डवेअरचं दुकान. त्यानं खिशातनं पांढरी नळी काढली आन् सभेला दाखवली. म्हणला, "माझ्या बाथरूमला आठ वर्सं झाली लावून. एक थेंब न्हाई." मंग दहा-बारा जण म्हणले की आमच्या बी बाथरूमला हेच हाय. मी म्हणलं की बाथरूमला फरशी असती, बोटीला पत्रा हाय. उदयसिंह म्हणला, "तात्या, पाणी ते पाणी."

संयोगितावहिनींनी नळी हातात घेतली, टोपण काढून वास घेतला. म्हणल्या, "ह्यात वाळताना आम्ल सुटतं, अ‍ॅल्युमिनियमला..."

"अगं, चहाचं बग," उदयसिंह म्हणला. वहिनी उठून चहाचं बगायला गेल्या. मला लय राग आला. शिकल्यासवरल्याली बाई, काय सांगती ते ऐकून तरी घे की गाढवा, असं मनात आलं. आकारामाला तीन दरपत्रकं मिळाली. एक भाऊसोच्या दुकानाचं, एक त्याच्या बायकोच्या नावच्या दुकानाचं आन् एक त्याच्या आईच्या नावच्या दुकानाचं. तिन्हीवर अक्षर एकच.

मी एक नळी मागून घेतली आन् घरी आलो. राहीबाई ज्वारी निवडत बसली हुती. मी फरशीवर थोडा लगदा पिळला. तिनं नाक मुरडलं.

"आंबल्याल्या ताकागत वास यायलाय," ती म्हणली. "कशाला लावायचं हे?"

"बोटीला."

"आन् बोट कशाची?"

"अ‍ॅल्युमिनियमची."

"म्हंजे जर्मलचीच की. आवं, जर्मलच्या पातेल्यात ताक ठिवतं व्हय कुणी? चार दिसात बुडाला टिपकं पडत्यात. मंग पातेलं चाळण झाल्यावर मला बोलू नका."

बावीस वर्सात जे मला कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं, ते तिनं ज्वारीतला खडा काढता काढता सांगितलं.

शुक्रवारी तिला मशीनला लावली की चार तास मोकळे असत्यात. मी माधवनगरला गेलो. तितं शंभूराज म्हणून फॅब्रिकेटर हाय, अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या करण्यात म्हातारा झाला. त्यानं भाऊसोच्या नळीचा वास घेतला आन् दाराबाहेर ठिवली.

"ज्याला आंबट वास, ते अ‍ॅल्युमिनियमला लावायचं न्हाई," तो म्हणला. "ते आम्ल सोडतंय आन् पत्रा खातंय. हे न्यूट्रल घे, ह्याला तसला वास न्हाई. बोल्ट स्टीलचे, पर पत्र्याला स्टील नुसतं टेकू द्यायचं न्हाई, मधी नायलॉनचं वायसर घाल. लावल्यावर दोन दिवस हात लावू नको. आन् पितळ, तांबं बोटीच्या जवळपास आणू नको. पाणी लागलं की पितळ अ‍ॅल्युमिनियमला खातं. पितळेला काय हुत न्हाई, जर्मलचा भुगा हुतो."

दोन नळ्या त्याच्याकडं शिल्लक हुत्या. त्या मी घेतल्या, पंचायतीला इचारलं न्हाई. सगळ्या खुंट्या, दांडे, कड्या मी एकट्यानं बसवल्या. प्रत्येक भोक घासून, पुसून, लगदा भरून, वायसर घालून. दोन दिवसांनी बोट गावातल्या जयराजच्या शेततळ्यात सोडली आन् आठ गडी बसवले. अर्ध्या तासानं बुडावरनं तळहात फिरवला. कोरडा. त्या रात्री मी पैल्यांदा निवांत झोपलो. आता नदी कितीबी फुगू दे म्हणलं, मंगळवार-शुक्रवार चुकत न्हाई.

पर बोट गावाची हुती. आन् गावाच्या वस्तूला पाटी नसली तर ती वस्तू झालीच न्हाई असं आमच्याकडं धरत्यात. बोअरला पाटी, शौचालयाला पाटी, सिमेंटच्या बाकड्याला पाटी. बसणाऱ्याच्या पाठीला नावं उमटत्यात. मंग बोट कशी सुटंल?

सव्वीस जानेवारी शुक्रवारी नव्हती, तरी माझं नशीब बगा, त्याच दिशी राहीबाईला ताप आला म्हणून मी सांगलीत. माघारी आलो तर बोटीला पितळेची पाटी. भाऊसोनं चार भोकं पाडून बसवल्याली, आपल्या आंबट नळीनं. वर तालुक्याच्या पुढारी साहेबांचं नाव, खाली सहा नावं. आन् पाटी बाहेरनं नव्हती. आत हुती, नाकाच्या उतारावर, बसणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर.

मी उदयसिंहाला भेटलो. म्हणलं, "पाटी आत कशापायी?"

"आवं तात्या, बाहेर लावली तर माशांनी वाचायची का? बोटीनं माणूस वाचला आन् कुणी वाचवला ते त्याला कळलंच न्हाई, तर उपेग काय वाचवून?"

"आन् भोकं?"

"चारच हायत."

"उतार भरल्या बोटीत पाण्याखाली जातो, उदयदादा."

"तवर पूर कुठला येतोय," तो म्हणला आन् फोन घ्यायला गेला.

महिन्याभरात पाटीच्या कडेनं पांढरी भुकटी फुटली. मी रोज जाऊन खरवडायचो आन् शिव्या घालायचो. मार्चमधी साहेबांनी पक्ष बदलला. पाटीवर जुन्या पक्षाचं पद हुतं, त्यामुळं ती लगोलग काढली आन् नवी लावली. नवी पाटी लांब, दोन नावं जास्त, म्हणून भोकं बी नवी. जुन्या चार भोकांत भाऊसोनं लांबी भरली. म्हंजे आठ भोकं झाली आन् अजून एक पाऊस पडला नव्हता.

त्या दिशी मात्र माझं डोकं फिरलं. पाटी उचकटून ग्रामपंचायतीच्या दारात टाकली, आठ भोकं घासली, पत्रा चकचकीत केला, प्रत्येक भोकाला अ‍ॅल्युमिनियमचा रिबीट मारला आन् वरनं शंभूराजचा सीलंट भरला. मंग तीन पानी अर्ज लिहिला. पितळेनं काय हुतं, आम्लानं काय हुतं, सगळं मुद्देसूद. शेवटी लिहिलं, ह्यापुढं बोटीला पितळ लावणारा माणूस गावाचा वैरी समजावा. आकारामानं अर्जावर आवक नंबर टाकला आन् म्हणला, "लय चांगलं लिहिलंय." तेवढंच.

महिना-दीड महिना शांतता हुती. माझ्या नावानं कुजबूज चालली हुती म्हणं, की नाथाजी आडवा आलाय. येऊ दे म्हणलं.

मंग तीस एप्रिलच्या सकाळी उदयसिंह घरी आला. हातात लाल फडक्यात गुंडाळल्याली तिसरी पाटी. मी तोंड उघडायच्या आत त्यानं फडकं काढलं आन् पाटी माझ्या मांडीवर ठिवली. उठावाची अक्षरं, आरशागत चकाकी. वर साहेब, मंग सगळी मंडळी, आन् अगदी खाली शेवटच्या ओळीत लिहिल्यालं, "तांत्रिक मार्गदर्शक : माजी हवालदार नाथाजी जगदाळे, भारतीय सेना."

"उद्या महाराष्ट्र दिनाला साहेबांच्या हस्ते तुमचा सत्कार हाय," उदयसिंह म्हणला. "तुमच्याशिवाय ही बोट झालीच नसती, तात्या. फकस्त पाटी तुमच्या हातानं बसवा, तुमच्या पद्धतीनं. म्हंजे कुणाची तक्रार नको."

लपवून काय उपेग न्हाई, सांगतो. मी त्या अक्षरावरनं बोट फिरवलं. जिंदगीभर पूल टाकले, कुठल्या पुलावर नाव न्हाई. सातबारावर नाव हाय, ते पाच भाऊबंदांच्या मधी. घराच्या दारावर नाव हाय, ते बापाचं. साठी उलटल्यावर पैल्यांदा माझं नाव उठून दिसत हुतं. आन् मी मनात म्हणायला लागलो, तसं बगितलं तर चांगला सीलंट मधी भरला, नायलॉनचं वायसर घातलं, तर पितळ पत्र्याला टेकतंय कुठं? तीन पानी अर्ज लिहिणारा मीच. आन् त्याला उत्तर देणारा बी मीच.

दुपारी पाटी बसवायला ग्रामपंचायतीच्या शेडात गेलो. चार भोकं मी पाडली, माझ्या हातानं. वरचे दोन बोल्ट झाले, साहेबांच्या नावाचे, आन् नळी संपली. आठ जुनी भोकं बुजवण्यात सगळा सीलंट गेला हुता. शंभूराजला फोन केला. तो म्हणला, पुण्यासनं मागवतो, आठ दिवस लागतील. सत्कार सकाळी नऊला. शेडाच्या खिडकीत भाऊसोची पांढरी नळी पडली हुती. खालचे दोनच तर बोल्ट, म्हणलं. उतारावर, कडेला.

मी नळी पिळत हुतो तवर राहीबाई माझा चहा घिऊन आली. जवळ येऊन थांबली.

"आवं, हा वास कसला?" ती म्हणली. "मागं तुमी..."

"तू जा, जेवणाचं बग," मी म्हणलं.

तिनं कप फळीवर ठिवला आन् ती गेली.

दुसऱ्या दिशी फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. साहेबांनी पाटीवरनं हात फिरवला. मला माईक दिला. मी बोटीला सुरक्षित सीलंट कसा निवडावा ह्या विषयावर वीस मिन्टं बोललो. आंबट वास आला की समजावं, घात हाय, असं सांगितलं तवा टाळ्या पडल्या. राहीबाई बायकांत मागं बसली हुती. तिनं टाळ्या वाजवल्या का न्हाई, ते मी बगितलं न्हाई.

त्यानंतर बोट ग्रामपंचायतीसमोर उघड्यावर. जूनचा पाऊस तिच्यात साचायचा. मी रोज जाताना थांबायचो, माझं नाव वाचायचो, पाणी उपसायचो. खालच्या कडेला पांढरं दिसायला लागलं हुतं. एकदा नखानं खरवडावं म्हणून हात पुढं केला, आन् माघारी घेतला. काय न्हाई, धूळ असंल म्हणलं. दुसऱ्याच्या पाटीची भुकटी खरवडणारा माणूस मी, पर स्वतःच्या नावाखाली नख घालवंना.

जुलैच्या शेवटाला धरणातनं पाणी सोडलं आन् वरनं पाऊस. गुरुवारी दुपारी ओढ्यावरचा रस्ता गेला. मंगळवारची फेरी झाली हुती, पर शुक्रवार उद्यावर. राहीबाईच्या पायाला सूज यायला लागली हुती. चप्पल घट्ट व्हायली म्हणून ती अंगठा बाहेर काढून चालायची.

शुक्रवारी सकाळी बोट काढायला गेलो तर उदयसिंह आडवा. साहेब अकरा वाजता पूर बगायला येणार, बोट त्यांच्यासाठी राखीव. मी काय म्हणणार तवर संयोगितावहिनी पुढं आल्या. पावसात भिजल्याल्या, हातात ग्रामपंचायतीचा शिक्का.

"पैली फेरी काकींची," त्या म्हणल्या. "सरपंच मी हाय."

उदयसिंह बायकोकडं बगतच राहिला. मंग म्हणला की ठीक हाय, मी बी सोबत येतो, लोकांना दिसू दे काम. आन् फोन काढून सगळ्यात पुढं जाऊन बसला.

बोटीत आमी दहा जण. मी मागं इंजिनावर. राहीबाई पुढच्या फळीवर, पाटीच्या बरोबर समोर, तिच्या शेजारी उदयसिंह. मधी ग्रामसेवक आकाराम, अंगात दोन लाइफ जॅकेटं घातल्याला. बाकी वरच्या आळीचे म्हातारे-कोतारे आन् एक लेकुरवाळी, मांडीवर चार महिन्याचं पोर. बोट भरली तसं नाक खाली बसलं. पाणी तांबडं, वढ लय. खाली कुठंतरी रस्ता हुता आन् आमी त्याच्यावरनं चाललो हुतो.

निम्म्यात आलो तवा राहीबाईनं मान वळवली.

"आवं," ती म्हणली. आवाज रोजचाच. "तुमच्या नावाखालनं पाणी यायलंय."

मी उठून बगितलं. वरची कड घट्ट. साहेबांच्या नावाला थेंब न्हाई. खालचे दोन्ही बोल्ट हलत हुते, त्यांच्या भोवतीचा पत्रा पांढरा, मऊ, ओल्या चुन्यागत धुऊन चालला हुता. पाटीची खालची कड सुटली हुती आन् तिच्याखालनं पाणी पसरत आत यायलं हुतं. लेकुरवाळीचे पाय भिजले तशी ती पोराला छातीशी धरून रडायला लागली. इंजिन सोडलं असतं तर बोट वढीला लागून उसात गेली असती, म्हणून मला हलता येईना.

"बादली घ्या, उपसा," मी आकारामाला ओरडलो.

"बादली न्हाई," तो म्हणला. "दरपत्रकं यायची हायत." आन् त्यानं पायातला बूट काढला आन् बुटानं उपसायला लागला. भ्याला हुता, पर उपसत हुता, खोटं कशाला बोलू.

"सगळे मागं सरका, नाक वर येऊ द्या," मी म्हणलं. म्हातारी माणसं सरकली. उदयसिंह सरकला न्हाई, तो घाबरून फळीला चिकटला हुता आन् हातातला फोन तसाच चालू.

राहीबाईनं चप्पल काढली. दोन्ही हातांनी फळी धरली, पाय लांब केला आन् टाच माझ्या नावावर ठिवली. मंग सगळं अंग मागं टेकवून दाबली. पाटीची कड पत्र्याला चिकटली. पाणी थांबलं न्हाई, पर धार बारीक झाली, बुटाला आवरंल एवढी.

लग्नाच्या बेचाळीस वर्सात चुकून माझ्या अंगाला तिचा पाय लागला तरी ती वाकून हात लावायची. मी कितीदा म्हणलं, काय न्हाई त्यात, तरी.

उदयसिंहाला तेवढ्यात वाचा फुटली. "काकी, पाय तेवढा... साहेबांचं बी नाव हाय त्या पाटीवर."

"साहेबांच्याला न्हाई लावला," राहीबाई म्हणली. "ह्यांच्यालाच लावलाय. तितनंच येतंय."

मी इंजिन धरून तिच्या पाठीकडं बगत राहिलो. दहा मिन्टं लागली आसतील. ती दर थोड्या येळानं पाय न उचलता टाच जरा सरकवून परत दाबायची. मशीनच्या दिशी सकाळी तिला चार पायऱ्या चढायला धरावं लागतं. दम लागला तरी ती मागं बगायची न्हाई. मला वाटलं, आत्ता एकदा तरी मला शिवी दे.

काठाला टेकलो तशी पैली उडी उदयसिंहानं मारली. तितं साहेबांची माणसं उभी हुती, त्यांच्याकडं गेला. मी कंबरभर पाण्यात उतरून बोट धरली आन् राहीबाईला हात दिला.

"मी पाय काढला की भरंल," ती म्हणली. "वढ हाय. पैलं पोरवालीला घ्या."

मी पोरवालीला घेतलं. मंग एकेका म्हाताऱ्याला. आकारामाला. तो उतरला आन् एक बूट तसाच हातात धरून उभा राहिला. ज्या बाईसाठी मी बोट मागितली हुती, नारळ फोडला हुता, दोन नळ्या आणल्या हुत्या, ती सगळ्यात शेवटाला एकटी बोटीत बसली हुती, माझ्या नावावर पाय दिऊन.

"आता," ती म्हणली आन् पाय काढला.

मी तिला दोन्ही हातांनी उचलून काठावर बसवलं. टाचेला उठावाच्या अक्षरांनी कातडं सोललं हुतं, सुजल्याल्या पायातनं रगत येत हुतं. मी तितंच चिखलात बसलो आन् तिची टाच हातात घेतली. कपाळ खाली गेलं ते तिच्या पायाला टेकलं.

तिनं पाय वढून घेतला.

"लोकं बगायल्यात," ती म्हणली. "उठा. साडेदहाची येळ हाय मशीनची."